कॅटलॉगात नसलेली कमान

कमान काढायला मीच लावली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक जण नवऱ्याकडे बघून चुकचुकतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "तुम्ही खंबीर राहा हं, त्यांना सांभाळा." मी कसली सांभाळतेय डोंबल! लोखंड कापायचा ग्राइंडर त्याच्या हातात होता हे खरं. पण "काढा हो ती एकदाची" हे वाक्य माझं, आणि "त्यांना विचारत बसू नका, विचारलं की नाही म्हणणार" हे तर खास माझंच. त्या दुसऱ्या वाक्यापायी एक माणूस गेला.

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. नोकरी माझी केंद्र सरकारची, म्हणून घर माझ्या नावावर, हे मी नवऱ्याला अधूनमधून ऐकवते. तो मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे पुण्याला परत जाणार. पण त्याने मानेसरच्या पलीकडे, पतौडीच्या बाजूला एकरभर जमीन घेतली. दर रविवारी तिथे जायचं, चार भाज्या लावायच्या, मोकळी हवा खायची. इकडची हवा कसली मोकळी म्हणा! पण मी हो म्हटलं, कारण इतक्या वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं.

शेजारच्या शेताचे मालक सत्तरीतले. सगळं गाव त्यांना ताऊ म्हणायचं, म्हणजे थोरले काका, म्हणून आम्हीही ताऊ म्हणायला लागलो. उंच, किडकिडीत माणूस, बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली एक जुना लाल ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या मागच्या चाकाला म्हैस बांधलेली असायची. पहिल्याच रविवारी नवऱ्याने तो पाहिला आणि चहाचा कप हातात तसाच धरून त्याच्यापाशी गेला. बॉनेटखालच्या पट्टीवरची धूळ बोटाने पुसली, नंबर वाचला आणि मला हाक मारली. "अगं, हा आमच्या वेळचा आहे. याचा गिअरबॉक्स माझ्या हातून गेला असेल."

त्याची पहिली नोकरी पुण्याजवळच्या एका ट्रॅक्टरच्या कारखान्यातली. डिप्लोमा झाला आणि एकविसाव्या वर्षी गिअरबॉक्सच्या लाइनवर उभा राहिला. तो कारखाना कधीच बंद पडला. पण त्या मॉडेलचा सुट्या भागांचा कॅटलॉग याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या आठ बदल्यांमधून जपला होता. माझी शाळेची प्रमाणपत्रं एका बदलीत हरवली, कॅटलॉग मात्र शाबूत. त्या दिवशी ट्रॅक्टरपाशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लग्नातही आलं नव्हतं, हे मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

ताऊंनी ट्रॅक्टर आम्हाला विकायला फार आढेवेढे घेतले नाहीत. जुन्या डिझेल गाड्यांना इकडे रस्त्यावर येऊ देत नाहीत, मुलाने नवा ट्रॅक्टर घेतलेला, हा नुसता म्हैस बांधायला उरलेला. नवरा काय काय करणार ते त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली. "बाकी जो मर्ज़ी करो जी. बस यो कड़ा मत उतारियो."

कडा म्हणजे ती कमान. ड्रायव्हरच्या सीटच्या मागे, या चाकापासून त्या चाकापर्यंत, बोअरवेलचा जाड लोखंडी पाइप वाकवून उभा केलेला आणि खाली मागच्या आसाला वेल्डिंगने जोडलेला. जोडावर वेल्डिंगचे हे एवढाले गोळे. डावा खांदा आत दबलेला, त्यामुळे कमान धड सरळही दिसायची नाही. आणि तिच्या माथ्यावर लाल दोऱ्याचे वेढे, वरचे नवे, आतले काळे पडलेले, वर्षानुवर्षं कुणीतरी एकावर एक गुंडाळत आलेलं. मी तो दोरा पाहिला आणि मनात म्हटलं, अच्छा, देवाचं काहीतरी आहे.

मग सुरू झाला खरा वाद. ट्रॅक्टर होता तसा मूळपदावर आणायचा की बदलायचा? सल्ला द्यायला अख्खी दिल्ली तयार. मानेसरचे सहकारी म्हणाले, इंजिन काढून बॅटरी बसवा. माझ्या ऑफिसातल्या एकीला त्याच्यावर फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. ताऊंचा मुलगा तर पहिल्या दिवसापासून मागे लागला होता, "अंकल, मॉडिफाई करा दूँ? पूरा इलाक़ा देखेगा." त्याच्या स्वतःच्या ट्रॅक्टरला बैलगाडीएवढे रुंद टायर, सहा स्पीकर, निळे दिवे. तो रस्त्याने गेला की आमच्या कपातला चहा हलायचा. नवरा हे सगळं ऐकून असा दुखावायचा की जणू कुणी त्याच्या आईला टिकल्या लावायला निघालंय. "कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा होता तसा. बोल्टसुद्धा तसाच," तो म्हणायचा. आणि मी त्याच्या बाजूने कंबर कसून उभी होते. मला ते स्पीकर नि दिवे बघवायचे नाहीत. आम्ही पुण्याकडची माणसं, आम्हाला वस्तूची अब्रू कळते, असं माझं म्हणणं. काय तो तोरा होता माझा, आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आठ महिने हे चाललं. मायापुरीच्या भंगार बाजारात त्याने कित्येक शनिवार घालवले. मूळ दिवे मिळाले, मूळ सीट मिळाली, लाल रंगाची छटा पाच वेळा घोटून घेतली. कॅटलॉगात नाही ते सगळं निघालं. ताऊंनी बसवलेला पत्रा निघाला, ट्रकचा भोंगा निघाला, हत्यारांची पेटी निघाली. शेवटी उरली कमान.

त्या रविवारी नवरा तिच्यासमोर कॅटलॉग उघडून उभा राहिला. बराच वेळ. मी विचारलं, "काय झालं?"

"ताऊ नको म्हणाले होते."

"का, ते सांगितलं का?"

"नाही. विचारून येऊ का?"

"विचारलं की नाहीच म्हणणार. एवढं लाखमोलाचं काम करून वर ते लोखंडाचं वेडंवाकडं घेऊन मिरवणार का? कॅटलॉगात आहे का ते? नाही ना? मग काढा हो ती एकदाची. करून दाखवा, बघितल्यावर त्यांनाही आवडेल."

तो घुटमळला. म्हणाला, "तो दोरा आहे गं. श्रद्धा आहे त्यांची."

इथे मला वाटलं, आपण किती समजूतदार! मी म्हटलं, "श्रद्धेला धक्का लावायचा नाहीच. दोरा मी सोडवते." आणि तासभर बसून मी ते सगळे वेढे एकेक करून नखांनी सोडवले, एकही तुटू दिला नाही. घरी आणून देवघरातल्या डबीत ठेवले. मग त्याने ग्राइंडर चालवला. कमान वाया जाऊ नये म्हणून आम्ही ती शेताच्या फाटकापाशी जमिनीत रोवली आणि मी तिच्या बुडाशी वालाचं बी टाकलं.

दोरा जपला आणि लोखंड काढून टाकलं. अशी चूक करायला आमच्यासारखीच माणसं लागतात, शिकलेली आणि दुसऱ्याच्या भावना दुखवायला भिणारी.

दसऱ्याला शेतावर ट्रॅक्टरची पूजा केली. कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनातल्या एका ओळखीच्यांकडून आपट्याची पानं मिळवली, झेंडूचा मोठा हार केला. तो लाल दोरा मी डबीतून आणला आणि डाव्या दिव्याच्या दांड्याला बांधला. ताऊंना मुद्दाम बोलावलं. ते आले, ट्रॅक्टरभोवती सावकाश एक फेरी घातली. सीटच्या मागे आले तेव्हा त्यांनी हात उचलला आणि जिथे कमान होती तिथे, रिकाम्या हवेत, थोडा वेळ तसाच धरला.

"घणी सुथरी लाग री सै," ते म्हणाले. फार छान दिसतेय. मग विचारलं, "कड़ा?"

नवऱ्याने फाटकाकडे बोट दाखवलं. वेल तोवर निम्म्यापर्यंत चढला होता. मी हसत पुढे झाले. "ताऊजी, धागा हमने संभालके रखा है. देखिए."

त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चलो जी" एवढंच म्हणाले. हातावर ठेवलेला पेढा अर्धाच खाल्ला आणि आपट्याचं पान कुडत्याच्या खिशात घालून निघून गेले.

पुढच्या रविवारी आम्ही पोचायच्या आत ते हजर. नवरा सीटवर चढायला गेला तर त्यांनी दंड धरला. "थम ना बैठो बाबूजी. गाड़ी पुरानी सै, मैं चला दूँगा." तुम्ही नका बसू, मी चालवतो. त्यानंतर हे दर रविवारचं झालं. नांगरट त्यांनी केली, ढेकळं त्यांनी फोडली, मोहरीसाठी जमीन त्यांनी तयार केली. नवऱ्याला एकदाही स्टिअरिंग धरू दिलं नाही. हा बांधावर उभा राहून हात चोळायचा. "माझा ट्रॅक्टर, मी केला, आणि मीच बघ्या!" मी त्याची भरपूर थट्टा केली. म्हटलं, "मुलगी दिली तरी सासरी बघायला येतोय माणूस. माहेरचा जीव आहे तो, राहू द्या." त्यांच्या माघारी आम्ही त्यांना "माहेरचा माणूस" म्हणायला लागलो. गाडीत परत येताना त्यांच्या नकला करून हसायचो. हसलोय आम्ही, हे लिहायलाच हवं.

नोव्हेंबर लागला. ट्रॅक्टर उघड्यावर होता, नव्या रंगावर दव पडायचं, म्हणून मला त्याला शेड हवी होती. शेडच्या जागेवर निलगिरीचं जुनं खोड रुतलेलं होतं. ते काढायला ताऊंनी ट्रॅक्टरलाच साखळी बांधली. मी फाटकापाशी वालाच्या शेंगा खुडत होते, पहिल्याच शेंगा होत्या. नवरा मोबाइल काढून शूटिंग करत होता. जुन्या इंजिनात अजून किती दम आहे ते मानेसरच्या लोकांना दाखवायचं होतं त्याला.

इंजिन गुरगुरलं. खोड हललं नाही. ताऊंनी आणखी रेटलं. ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि क्षणभर, खरंच सांगते, मला वाटलं म्हातारा गंमत दाखवतोय. मी हातातल्या शेंगा ओटीत टाकून टाळी वाजवायच्या बेतात होते. तेवढ्यात ट्रॅक्टर उभाच्या उभा मागे उलटला.

आवाज फार झाला नाही. इंजिन बंद पडलं आणि चाक फिरत राहिलं. ताऊ खाली होते. मी किंचाळत धावले, नवरा मोबाइल हातात धरून जागीच खिळला होता. आम्ही दोघांनी मिळून हलवायचा प्रयत्न केला, कारचा जॅक लावला, तो मातीत रुतला. गावातून माणसं पळत आली. शेवटी त्यांच्या मुलाने आपला तो रुंद टायरांचा, निळ्या दिव्यांचा ट्रॅक्टर आणला आणि त्याने हा ओढून बाजूला केला. ताऊ तोवर गेले होते.

पोलीस आले, दोन प्रश्न विचारून गेले. घरच्यांनी अपघात म्हणून सांगितलं. कुणी आम्हाला एक वावगा शब्द बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, माझा जीव आतून नुसता कुरतडला जात होता. मी रोज ऑफिसातून सुट्टी काढून जायची आणि बायकांमध्ये जाऊन बसायची. ताऊंची बायको घुंगट पुढे ओढून भिंतीला टेकलेली असायची. माझ्याकडे तिने मान वर करून पाहिलं नाही.

नवऱ्याने कारखान्यात जाणं सोडलं. मोबाइलमधलं ते शूटिंग तो पुन्हा पुन्हा लावायचा आणि सेकंद मोजायचा. "दीड सेकंद. एवढ्यात कोण उडी मारणार?" मग कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून त्यावर आकडेमोड करायला लागला. ट्रॅक्टरचं वजन, कमानीच्या पाइपची जाडी, उंची; उलटल्यावर तिने खालच्या माणसाला वाचवलं असतं का? दोन दिवसांनी ती पानं घेऊन माझ्यासमोर आला. चेहरा सुजलेला, दाढी वाढलेली. "हे बघ. पाण्याचा पाइप होता, गावठी वेल्डिंग. कमान असती तरी चेपलीच असती. काही फरक पडला नसता."

"नाहीच पडला असता," मी म्हटलं. "बिल्कुल नाही."

मला त्या आकड्यांतलं एक अक्षर कळत नाही. पण मी ते कॅलेंडरचं पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं. बायकांमध्ये बसले असताना पर्सवर हात ठेवून बसायची. त्या पानाच्या जिवावर मला दोन घास जायला लागले होते.

तेरावा झाला. त्यानंतरच्या रविवारी आम्ही शेतावर होतो, का गेलो कुणास ठाऊक. ट्रॅक्टर मोडका, एका बाजूला कलंडलेला, त्याच्यावर ताडपत्री टाकलेली. ताऊंचा मुलगा आपला ट्रॅक्टर घेऊन आला, स्पीकर काढलेले. मागे त्याची आई बसली होती. ती उतरली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"कड़ा कित सै?"

कमान कुठे आहे. मी फाटकाकडे नेलं. वेलाने ती पुरती झाकली होती, जांभळी फुलं लगडलेली. तिने दोन्ही हातांनी पानं बाजूला केली आणि डावा खांदा शोधला, तो दबलेला. त्याच्यावर बोट ठेवलं.

तिच्या बोलण्यातलं काही मला कळलं, काही तिच्या मुलाने हिंदीत सांगितलं. फार वर्षांपूर्वी ताऊंचा धाकटा भाऊ याच ट्रॅक्टरवर तळ्याच्या चढावर गेला आणि ट्रॅक्टर असाच मागे उलटून त्याच्याखाली मेला. त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ताऊंनी ही कमान करून घेतली. पुढे काही वर्षांनी एका हिवाळ्यात ट्रॅक्टर पुन्हा उलटला, तेव्हा वर ताऊ होते. कमान जमिनीवर आपटली, डावा खांदा दबला आणि तिथेच थांबली. ताऊ तिच्या आतून रांगत बाहेर आले, पाठीला खरचटण्यापलीकडे काही नाही. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला ती त्या लोखंडाला लाल दोरा गुंडाळायची.

नवरा माझ्या शेजारी उभा होता. त्याने तो दबलेला खांदा हाताने चाचपला, मग खाली बसला, मातीतच. मी पर्स काखेत घट्ट धरली होती, ती सैल सोडली.

"हमें बताया क्यों नहीं?" मी विचारलं. आवाज चढला माझा, एवढं होऊनही चढलाच. "एक बार बोल देते!"

"बता देते तो थम लेते के?" ती शांतपणे म्हणाली. सांगितलं असतं तर घेतला असता का, माणूस खाल्लेला ट्रॅक्टर? नसताच घेतला. आणि इकडच्या कुणीही घेतला नसता.

"पर दशहरे के दिन घर आके रोटी ना खाई," ती म्हणाली. "रात भर बैठे रहे. फेर बोले, बाबूजी ने उसपे बैठण ना दूँगा."

बाबूजींना त्याच्यावर बसू देणार नाही.

मी कोयता आणला आणि वेल बुडापासून कापला. मुलाने कमान उपटली आणि आपल्या ट्रॅक्टरच्या मागे बांधली. आता तो ती आपल्याच ट्रॅक्टरला लावणार होता, आईने स्पीकर काढायला लावून तिथे जागा केली होती. एवढ्यात मला दोऱ्याची आठवण झाली. मी ताडपत्रीखाली हात घालून मोडक्या दिव्याच्या दांड्यावरचा दोरा सोडवला आणि धावत जाऊन तिच्यापुढे धरला.

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. "यो थम रख लो जी," ती म्हणाली. "धागा तो बाज़ार में मिल जा."

ते गेले. फाटकापाशी कापलेल्या वेलाचा ढीग पडला होता, शेंगांसकट. नवरा बऱ्याच वेळाने उठला, ताडपत्री काढली, ट्रॅक्टरभोवती एक फेरी घातली. सीटच्या मागे उभा राहिला. म्हणाला, "दुरुस्त करायचा झाला तर आधी कमान. ड्रॉइंग मी करतो, पाइप चांगला घेऊ. बाकीचं मग बघू." कॅटलॉगात नसलेली वस्तू त्याने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मागितली.

मी बरं म्हटलं. मग तो वाकड्या झालेल्या सीटवर हात ठेवून, पाय उचलून, हळूच वर चढला आणि बसला. मी बघत राहिले. त्याला नका बसू म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.